विहिरीतल्या पांढऱ्या शिरा : खानापूर तालुक्यातलं एक प्रकरण

आण्णांची विहीर एकेचाळीस फुटांवर गेली तरी पाण्याचा पत्ता नव्हता, नुसती ओल होती. त्या दिवशी सकाळी सुरुंग उडवला, धूर बसला आणि यारीनं पहिली बादली वर आली, तेव्हा काळ्या दगडांत पांढऱ्याशुभ्र शिरा निघाल्या. कुठे बोटभर रुंद, कुठे चार बोटं. एका दगडात मुठीएवढी पोकळी होती, आत काचेसारखे स्फटिक आणि त्या स्फटिकांवर पिवळे चकाकणारे कण. खणणाऱ्या गड्यांनी काम थांबवलं. संध्याकाळपर्यंत शेजारच्या तीन वस्त्यांवर बातमी गेली आणि रात्री आण्णा तो दगड धोतराच्या सोग्यात गुंडाळून आमच्या घरी आले.

आमच्याकडे येण्याला दोन कारणं होती. एक म्हणजे मी भूशास्त्र शिकवतो. त्याआधी दोन वर्षं कर्नाटकात रायचूर जिल्ह्यात सोन्याच्या वेधन-कामावर (ड्रिलिंगवर) होतो, दिवसभर त्यातून निघालेल्या खडकाच्या नळकांड्या बघून वहीत नोंदी करायच्या. दुसरं म्हणजे आमचं घर गलाईवाल्यांचं. आजोबा गेले, मग चुलते गेले. विटा, खानापूर, आटपाडी, तासगाव या भागातल्या घरांना हे सांगायला नको. दुष्काळानं माणसं बाहेर काढली आणि ती देशभरातल्या सराफपेठांत सोनं-चांदी गाळायला बसली. आमचे नाना कोइमतूरला अठ्ठावीस वर्षं भट्टीपुढे होते, आता विट्यात छोटं दुकान आहे. म्हणजे दगडातलं सोनं ओळखणारा आणि दागिन्यातलं सोनं काढणारा अशी दोन्ही माणसं एकाच ओसरीवर. एवढं असूनही आम्ही फसलो, आणि आण्णांना फसवलं. ते कसं घडलं तेच लिहितो आहे.

पहिली रात्र

आण्णांनी दगड दिव्याखाली ठेवला. "मास्तर, बगा. हसू नका."

हसण्यासारखं काही नव्हतं. दगड देखणा होता. आपल्याकडे अशा पांढऱ्या कठीण दगडाला गार म्हणतात, लहान असला तर गारगोटी. पण पांढरं दिसतं ते सगळं गार नसतं. मी चाकूचं टोक शिरेवरून ओढलं. शिरेच्या मधल्या भागावर पांढरा ओरखडा उठला आणि भुकटी पडली. कडेच्या भागावर चाकूच घसरला आणि आपल्या पोलादाची राखाडी रेघ सोडून गेला. म्हणजे कडेला गार, मध्ये दुसरं काहीतरी. न्हाणीघर धुवायच्या ॲसिडात पाणी घालून एक थेंब मधल्या भागावर टाकला. सोड्याच्या बाटलीसारखा फसफसला. कॅल्साइट. गारेवर टाकलेला थेंब तसाच बसून राहिला.

आता पिवळे कण. घरातला एक फुटका कप घेतला. कपाच्या बुडाला गोल कड असते, तिच्यावर चकाकी नसते, खरखरीत असते. तिच्यावर कण घासला की त्याच्या भुकटीचा खरा रंग दिसतो. सोनं सोन्याचीच रेघ सोडतं. ही रेघ हिरवट-काळी आली. मग भिंग धरून एका कणावर टाचणी दाबली. सोनं मऊ असतं, टाचणी रुतते, खळगा पडतो. हा कण कुटकन फुटला आणि त्याचे तुकडे आण्णांच्या मांडीवर उडाले. उरलेला कण नानांनी चिमट्यात धरून जळत्या गॅसवर धरला तर गंधकाचा वास आला.

"पायराइट," मी म्हणालो. "लोखंड आणि गंधक. मूर्खांचं सोनं म्हणतात त्याला."

हा शब्द मी वापरायला नको होता. आण्णांचा चेहरा पडला नाही, कडक झाला. सत्तरीचा माणूस, रात्री दोन मैल चालत आलेला, त्याला आपण हे ऐकवायचं नसतं. ते म्हणाले, "चकाकतंय ते नसंल. पन पांढऱ्यात आत असंल. तुमीच म्हनाला होता न्हवं, सोनं डोळ्याला दिसत न्हाई म्हनून."

आणि हे मी खरंच म्हणालो होतो. गावात गणपतीत भाषण दिलं होतं तेव्हा.

सोनं कुठे असतं

आण्णांचं म्हणणं तसं बरोबर होतं. चांगल्या खाणीतल्या खनिजातही सोनं बहुतेक वेळा डोळ्यांना दिसत नाही. पृथ्वीच्या कवचात सोनं सरासरी टनामागे ४ मिलिग्रॅमच्या आसपास असतं. टनाला २-३ ग्रॅम निघालं तर भूशास्त्रज्ञ खुर्चीत सरळ होऊन बसतो. तीन ग्रॅम म्हणजे पाव तोळा. एका टन दगडात पाव तोळा. रायचूरकडच्या हुट्टीच्या खाणीच्या बाजूला नळकांड्या बघताना मला दोन वर्षांत दिसलेलं सोनं एका हाताच्या बोटांवर मोजता येईल, आणि त्यातले दोन ठिपके भिंगातून.

चार मिलिग्रॅमचे दोन-तीन ग्रॅम व्हायचे तर सोनं पाचशे पटींहून जास्त गोळा व्हावं लागतं. ते काम गरम पाणी करतं. खोल जमिनीत, काही किलोमीटर खाली, दाबाखाली तापलेलं आणि गंधक मिसळलेलं पाणी खडकांतून फिरतं. गंधकाला धरून सोनं त्यात विरघळतं. मोठ्या भेगा पडल्या, भूकंपानं त्या पुन्हापुन्हा उघडल्या की पाणी वर धावतं. वर दाब कमी होतो, किंवा बाजूच्या खडकातलं लोखंड पाण्यातलं गंधक ओढून घेतं आणि त्याचा पायराइट बनतो. गंधकाचा आधार सुटला की सोनं खाली बसतं. त्याच पाण्यातली सिलिका थंड होऊन गार बनते. म्हणून सोनं आणि गार यांची जोडी. पण गार बनायला नुसतं सिलिका असलेलं कोमट-गरम पाणी पुरतं. सोन्याला बाकीचं सगळं लागतं. म्हणूनच गारेच्या बहुतेक शिरा रिकाम्या असतात.

दुसरा प्रकार जमिनीच्या पृष्ठभागाजवळचा, ज्वालामुखीजवळच्या गरम पाण्याच्या झऱ्यांखालचा. तिथे पाणी अक्षरशः उकळतं आणि सोन्याबरोबर चांदीही भरपूर सोडतं. अमेरिकेतल्या नेवाडातली कॉमस्टॉकची शीर १८५९ मध्ये सापडली, ती अशीच, आणि नावाजली ती चांदीसाठी. अशा शिरांना ओळखायच्या खुणा असतात : गारेचे कांद्यासारखे पापुद्रे, कॅल्साइटच्या पात्यांची जागा गारेनं घेतलेली, आजूबाजूचा खडक कुजून मातीसारखा झालेला. भारतातली चांदी मात्र मुख्यतः राजस्थानातल्या शिसं-जस्ताच्या खाणींतून जोडीनं निघते.

आता आपली जमीन. सातारा-सांगलीचा कातळ म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. थरावर थर. प्रत्येक थराच्या माथ्याला वायूचे बुडबुडे अडकलेले असतात, त्या पोकळ्यांत आणि थंड होताना पडलेल्या भेगांत नंतर पाणी झिरपलं आणि त्यानं गार, कॅल्साइट, स्टिल्बाइट, ॲपोफिलाइट असलं काय काय भरून ठेवलं. महाराष्ट्रातले हे स्फटिक जगभरातल्या संग्रहालयांत आहेत. सिन्नरला तर गारगोटी नावाचंच संग्रहालय आहे. आण्णांच्या विहिरीत निघालं ते हेच. पाणी होतं, सिलिका होती, चिमूटभर गंधकही होतं. पण हा लाव्हा कधी खोल गाडला गेला नाही, चिरडला गेला नाही, भाजून त्याचं रूप बदललं नाही. सोनं धुऊन आणणारं ते खोलातलं पाणी त्याला भेटलंच नाही.

गंमत अशी की कर्नाटकातल्या कोलार आणि हुट्टीच्या सोन्याच्या खाणींचा खडकसुद्धा मुळात बेसाल्टच, म्हणजे थिजलेला लाव्हाच. फक्त तो सुमारे २७० कोटी वर्षांपूर्वीचा, आणि त्यानंतर त्याच्यावर जे गुदरलं ते आपल्या कातळावर गुदरलेलं नाही. कोलारला १८८० पासून २००१ पर्यंत खाण चालली, तीन किलोमीटरहून खोल गेली. तसले जुने खडक आपल्या पायाखाली नाहीत असं नाही. १९६७ च्या कोयना भूकंपाचं मूळ शोधायला कोयनेजवळ गोठणे इथे तीन किलोमीटरचा वेध घेतला, त्यात साडेबाराशे मीटरच्या आसपास लाव्हा संपला आणि खाली ग्रॅनाइट-नाइस लागला. पण सव्वा किलोमीटर कातळाखाली काय आहे यावर एकेचाळीस फुटांची विहीर बोलू शकत नाही.

म्हणजे उत्तर मला पहिल्याच रात्री माहीत होतं. शोध जमिनीपासून सुरू होतो, चकाकीपासून नाही. आधी नकाशा बघायचा, मग दगड. तरी मी नमुने घ्यायला हो म्हणालो. आण्णांचं समाधान व्हावं हे एक कारण. दुसरं कारण सांगायला लाज वाटते : गलाईवाल्याच्या घरात जन्मलेल्या माणसाला "नसेलच" म्हणणं जड जातं.

पाच नमुने

नमुना घ्यायची रीत मी नीट पाळली. देखणा दगड उचलून आणला तर तो नमुना होत नाही, ती निवड होते. मी शिडीनं उतरलो. वरून माती, मुरूम, मग गेरूसारखा तांबडा थर, त्याखाली पांढऱ्या ठिपक्यांचा जाळीदार खडक आणि मग घट्ट कातळ. शिरा जाळीदार खडकापासून तळापर्यंत होत्या. २२, २७, ३२, ३७ आणि ४१ फुटांवर शिरेला आडवी, छिन्नीनं सारख्या रुंदीची चर खोदली आणि निघालेलं सगळं पिशवीत भरलं, चांगलं-वाईट न बघता. प्रत्येकी साधारण तीन किलो. वरून खाली नंबर दिले, एक ते पाच. पिशव्या एका पोत्यात टाकल्या, नंबर एक आधी, नंबर पाच शेवटी. हा क्रम लक्षात ठेवा.

प्रयोगशाळा बाहेरगावची. दगड फोडून पीठ करायचे त्यांचे वेगळे पैसे, आणि पंधरा किलोचं कुरिअर. नाना म्हणाले, "कशाला? दुकानात लोखंडी खल हाय. पोरगा कुटून देईल. पीठ पाठव, किलोभरात काम होईल."

मी हो म्हणालो. दोन वर्षं ज्या कामात मला रोज हेच शिकवलं होतं की नमुना कोणाच्या हातात, कोणत्या भांड्यात जातो ते बघ, त्या कामाचा मी माणूस.

प्रयोगशाळेची पद्धत नानांच्या धंद्याची थोरली बहीण म्हणावी अशी आहे. तीस ग्रॅम पीठ घ्यायचं, त्यात मुरदाडशिंग (शिशाचं ऑक्साइड), सोडा, टाकणखार आणि थोडं गव्हाचं पीठ घालून मुशीत वितळवायचं. गव्हाच्या पिठातल्या कार्बनमुळे मुरदाडशिंगाचं शिसं होतं, ते थेंबाथेंबानं खाली उतरताना वाटेत भेटेल ते सोनं-चांदी गोळा करतं. मग शिशाची ती गोळी हाडांच्या राखेच्या वाटीत तापवायची. शिसं राखेत शोषलं जातं आणि मोहरीहून लहान मणी उरतो. त्या मण्यात किती सोनं ते यंत्र सांगतं. टनाला ०.०१ ग्रॅमपर्यंत सांगतं.

अहवाल आला आणि मी खरोखर खाली बसलो.

नंबर एक, ०.०१ च्या खाली. नंबर दोन, ०.०५. तीन, ०.१९. चार, ०.६४. पाच, २.३१ ग्रॅम टनामागे. चांदी पाचव्यात ७.०, चौथ्यात १.९, तिसऱ्यात ०.६.

मी आण्णांना लगेच सांगायला नको होतं. सांगितलं. त्यांनी अहवाल हातात धरून प्रत्येक आकड्यावर बोट ठेवलं, वरून खाली.

"मास्तर, खाली खाली वाढतंय की!"

वाढतच होतं. विहीर जितकी खोल तितकं सोनं जास्त. कोणालाही वेड लावील अशी रांग. दोन दिवसांत आण्णांनी बोअरवाल्याला वीस हजार उचल दिली, दोनशे फूट खाली बघायला. विहिरीचं काम थांबलं, यारी उभी राहिली, तिचं भाडं चालू. कुठूनसा एक यंत्रवाला आला, तांब्याच्या दोन कांड्या हातात धरून शेतातून फिरला, बांधाच्या दिशेनं "सोन्याची शीर" जाते म्हणाला आणि दक्षिणा घेऊन गेला. त्याच्याबद्दल मला फारसा राग नाही. त्याच्या कांड्यांवर कोणी शहाण्यानं विश्वास ठेवला नसता. माझ्या अहवालावर ठेवला.

काय खटकलं

पहिल्यांदा मी प्रयोगशाळेवर संशय घेतला. फोन करून उरलेलं पीठ पुन्हा तपासायला सांगितलं. पाचव्याचा आकडा २.२ च्या जवळ आला, बाकीचेही जागच्या जागी. म्हणजे त्यांचं काम चोख. त्यांच्याकडे पोचलेल्या पिठात सोनं होतंच.

मग दुसरा संशय. सोनं एकटं फिरत नाही. कोलार-हुट्टीकडच्या शिरांत त्याच्याबरोबर बहुतेक वेळा आर्सेनिक असतं. शोध घेताना माती तपासतात ती आधी आर्सेनिकसाठी, कारण ते जास्त पसरतं आणि सहज सापडतं. आमच्या नमुन्यांत आर्सेनिक जवळजवळ नव्हतंच. शिरेच्या काठचा कातळ ताजा, काळा, ठणठणीत. गरम गंधकी पाणी जिथून जातं तिथला खडक असा राहत नाही. सोनं आलं पण त्याच्या पाऊलखुणा नाहीत.

एवढ्यावरच मी अडकून होतो. रविवारी नाना ओसरीवर चहा घेत अहवाल बघत होते. त्यांना इंग्रजी आकडे कळतात, बाकी सोडून देतात. त्यांनी चष्मा वर केला.

"बाळा, चांदी सात आन् सोनं सव्वादोन. हितं एकोनीस, हितं चौसष्ट. तीनास एक, तीनास एक, तीनास एक."

"मग?"

"मग काय? हे आमचं माप हाय."

गलाईत जुन्या दागिन्याचं सोनं सरळ तेजाबात, म्हणजे नायट्रिक ॲसिडात, टाकून भागत नाही. आतली चांदी आणि तांबं सोन्याच्या आड दडून बसतं, तेजाब तिथवर पोचत नाही. म्हणून आधी उलटं करायचं : एक भाग सोन्यात तीन भाग चांदी घालून एकत्र वितळवायचं, तो रस पाण्यात ओतून दाणे पाडायचे आणि मग ते तेजाबात उकळायचे. आता चांदी इतकी जास्त असते की सगळी विरघळून जाते आणि तळाला तपकिरी चिखलासारखं शुद्ध सोनं उरतं. तेजाबातली चांदी तांब्याचा पत्रा टाकून परत मिळवायची. या पद्धतीचा जीवच तीनास एक या प्रमाणात आहे. निसर्गातही सोन्यात चांदी मिसळलेली असते, पण ती पाच शिरांत पाच तऱ्हांची असायला हरकत नसते. प्रत्येक ठिकाणी नेमकी तीन पट?

नानांनी कप खाली ठेवला. "मुशी फुटल्या की खलात कुटतो आमी. मुशीच्या भितीला चिकटलेलं असतंय थोडं. ते धुऊन काढतो. बारक्यानं त्याच खलात तुजे दगड कुटले असणार."

बारक्या म्हणजे दुकानात काम करणारा पोरगा. त्याला बोलावलं. दगड कोणत्या क्रमानं कुटलेस? तो म्हणाला, पोत्यात वर होती ती पिशवी आधी घेतली, मग त्याखालची.

पोत्यात वर होता नंबर पाच.

मी वही काढली आणि कुटायच्या क्रमानं आकडे लिहिले. पाच, २.३१. चार, ०.६४. तीन, ०.१९. दोन, ०.०५. एक, काही नाही. दर दगडाला खल थोडा धुतला जात होता. सोनं विहिरीच्या खोलीनं वाढत नव्हतं, खल धुतला जाईल तसं कमी होत होतं. माझ्या पोत्यानं ती रांग उलटी करून विहिरीत उभी केली होती.

आणि लागतं किती? किलोभर पिठात २.३ मिलिग्रॅम. सोनं जड, पाण्याच्या १९.३ पट, तेवढ्या वजनाचा दाणा एका बाजूनं अर्धा मिलिमीटरही भरत नाही. खसखशीच्या दाण्याहून लहान. खलाच्या तळाला एखादा खोलगट टवका असला की काम झालं.

संशय आणि पुरावा

नानांना पटलं, मला पटलं. आण्णांना आकड्यांनी भुलवलं होतं, त्यांना आकड्यांनीच सोडवायला हवं होतं. म्हणून चार पिशव्या नव्यानं केल्या, आणि या वेळी आण्णा प्रत्येक कामाला हजर.

रस्त्याच्या कामावरची नुसती काळी खडी घेतली, ज्यात शिरेचा मागमूस नाही. तिचे दोन भाग केले. एक भाग नानांच्या त्याच खलात कुटला, ज्यात एव्हाना दुकानातल्या मुशी पुन्हा कुटल्या जात होत्या. दुसरा नव्या लोखंडी तव्यावर, आधी फुटकी काच कुटून तवा साफ करून, नव्या हातोडीनं. तिसरी पिशवी पाचव्या नमुन्यातल्या, घरी उरलेल्या न कुटलेल्या खड्यांची, तीही तव्यावर. चौथी आण्णांनी स्वतः विहिरीत उतरून आणली, एकेचाळीस फुटांवरून, त्यांना जिथे सोनं असेल असं वाटत होतं तिथून.

शोधाच्या कामात हे नवीन नाही. वीस-पंचवीस नमुन्यांमागे एक कोरा दगड घुसवायचा असतो, ज्यात काही नाही हे आपल्याला पक्कं माहीत असतं. त्यात सोनं निघालं तर दोष कुटण्यात किंवा तपासणीत. एक जोडनमुना, म्हणजे त्याच दगडाचा दुसरा, आणि एक ठरलेल्या मात्रेचा, ज्यातलं सोनं आधीच माहीत आहे असा. हे सगळं मला पाठ होतं. पाच दगडांसाठी कशाला, असं वाटलं होतं इतकंच.

अहवाल यायला बारा दिवस लागले. नानांच्या खलात कुटलेल्या रस्त्याच्या खडीत ०.३७ ग्रॅम सोनं, १.१ ग्रॅम चांदी. तव्यावरच्या खडीत काही नाही. पाचव्याच्या खड्यांत काही नाही. आण्णांनी आणलेल्यात काही नाही.

आण्णा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हंजे आता कराडच्या रस्त्यात बी सोनं निगालं म्हना की."

बोअरवाल्यानं अर्धी उचल परत केली, अर्धी खाल्ली. यारीच्या भाड्यातला हिस्सा मी दिला. आण्णा नको म्हणत होते, नानांनी त्यांच्या खिशात घातला. या सगळ्यात एक गोष्ट आण्णांना शेवटपर्यंत कोणी सांगितली नव्हती, मीसुद्धा नाही : सोनं निघालं असतं तरी ते त्यांचं नव्हतं. जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८ नं जमिनीतल्या खनिजांवर हक्क सरकारचा. सोन्याची खाण केंद्राच्या १९५७ च्या खाण कायद्याखाली लिलावानं जाते. शेतकऱ्याच्या वाट्याला जमिनीच्या वरच्या अंगाची भरपाई. हे ऐकून मात्र ते मोठ्यानं हसले. "आदी सांगितलं असतंस तर दगुडच दाखवला नसता."

विहिरीचं काम पुन्हा सुरू झालं. सत्तेचाळीस फुटांवर एक उघडी भेग लागली आणि पाणी आलं. फार नाही, पण ज्वारीला आणि जनावरांना पुरेल इतकं.

नानांनी त्या आठवड्यात खल रिकामा करायचा ठरवला. सोड्याच्या दोन जाड बाटल्या फोडून खलात घातल्या आणि बारक्याला दुपारभर कुटायला लावलं. खलाच्या तळाला, बत्त्याच्या डोक्याला जे काही होतं ते काचेच्या पिठात आलं. ते पीठ मुरदाडशिंग, टाकणखार आणि कणकेबरोबर मुशीत घातलं. शिशाची गोळी निघाली, ती राखेच्या वाटीत ठेवली. शिसं उतरत असताना मण्यावरून इंद्रधनुषी रंग फिरतात आणि शेवटी एकदम विजेसारखा लखकन चमकून मणी स्थिर होतो; आण्णांनी ते वाकून पाहिलं. मणी पांढरा होता. तीनास एक, चांदीच जास्त. नानांनी तो चपटा केला, तेजाबात उकळला, उरलेली तपकिरी भुकटी धुतली आणि फुंकनळीनं तापवून तिची गोळी केली. आता ती पिवळी झाली.

काट्यावर दोन गुंजाही भरली नाही. प्रयोगशाळेची दोन बिलं त्यात निघायची नव्हतीच.

नानांनी ती कागदावर ठेवून आण्णांपुढे सरकवली. आण्णांनी सदऱ्याच्या गुंडीपाशी लावलेली टाचणी काढली, गोळीवर टेकवली आणि दाबली. टाचणी रुतली.